मागच्या खोलीत केलेलं उटणं

नाती विचारतात, आजी, तुझं ते उटणं सांग ना, त्यानं तोंड ओढत नाही. मी सांगते. ज्वारीचं पीठ, मसुरीचं पीठ, जवसाचं चिकट पाणी, करडईच्या तेलाचे चार थेंब. त्या मोबाइलमध्ये लिहून घेतात आणि उठून जातात. ते कुठं बसून शोधलं आणि कशापायी शोधलं, हे आजवर कुणी विचारलं नाही. तेवढं सांगायचं राहिलंय.

माझी कातडी जन्मापासूनच कोरडी. माहेर हर्सूलचं. थंडी सुरू झाली की पोटऱ्यांवर वाळलेल्या तळ्यासारख्या रेघा उमटायच्या. आई अंघोळीच्या आधी करडईचं तेल चोळायची आणि साबणाला हात लावू द्यायची नाही. ती गेली तेव्हा मी सोळा वर्षांची. पोलिस अ‍ॅक्शन झाली त्याच्या पुढच्या साली माझा जन्म, असं वडील सांगायचे; म्हणजे लग्नात मी वीस वर्षांची असेन. सासर पडेगावचं, पण यांची नोकरी लष्कराच्या छावणीत, म्हणून आम्ही तिथंच एका खोलीत राहायचो. नळाचं पाणी होतं. वर्षभर अंगाला काही झालं नाही.

आई नसल्यानं पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. आठव्या महिन्यात छावणीची खोली सोडून आम्ही पडेगावला आलो. धाब्याचं घर. पुढं ओसरी, मधे चूल, आणि सगळ्यात मागं कडबा आणि पेंड ठेवायची एक अरुंद खोली. तिला वीतभर खिडकी, खिडकीच्या पलीकडं बोळ. मला वाकायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, असा आत्याबाईंचा हुकूम. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा तो हुकूम मला मायेचाच वाटला, आणि होताही मायेचाच.

दिवाळीनंतर लेक झाली. पहिल्या दिवसापासून तिला न्हाऊ घालणं, गुंडाळणं आत्याबाईंच्याच हाती; माझ्याकडं ती दुपट्यात बांधूनच यायची. महिनाभरात माझे हात उलले, भेगा पडल्या. मग मान, मग तोंड. कातडी कोंड्यासारखी गळायची, खाली लालभडक. हसले की ओठाच्या कोपऱ्यातून रक्त यायचं, म्हणून हसणं सोडलं.

आत्याबाई म्हणाल्या, "मळ हाय ह्यो सगळा. बाळंतपणाचा मळ आसाच निघतो. घासून काढू."

त्या मला दिवसातून दोनदा अंघोळ घालायला लागल्या. काथ्या घ्यायच्या आणि भांडं घासावं तशी पाठ घासायच्या. हात थकले तरी थांबायच्या नाहीत. मी कण्हले की म्हणायच्या, "सोस जरा. मी काय दुश्मन हाय का तुझी?" नव्हत्या. म्हणून तर मला ओरडता येत नव्हतं.

बाळाला बघायला त्यांच्या माहेरची एक म्हातारी आली. माझे हात बघून तिनं आत्याबाईंना बाजूला घेतलं. पुटपुटली, पण मला ऐकू गेलं. "महारोग तर नव्हं?"

तेव्हा माझ्या धाकट्या नणंदेसाठी स्थळं बघणं चाललं होतं. त्याच दिवशी मधल्या घरातलं माझं अंथरूण उचललं आणि कडब्याच्या खोलीत टाकलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, न्हाणीलाही त्याच खोलीच्या कोपऱ्यातली मोरी. अंघोळीचं पाणी बादलीत भरून उंबऱ्यावर यायचं. काथ्या माझ्याच हातात दिला, कारण आता मला हात लावायला नको होता. जाताना आत्याबाई बाहेरून कडी घालायच्या. म्हणायच्या, "कुनी आलं-गेलं तर उगं दिसाया नको."

आणि लेक. लेक दिवसातून पाच वेळा यायची. दुपट्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेली, गाठोड्यासारखी. आत्याबाई समोर बसायच्या. "हात पदराखाली ठिव. मीच धरते." मी छाती पुढं करायची आणि लेकीच्या टाळूकडं बघायची. पिऊन झालं की त्या तिला घेऊन जायच्या. महिना-सव्वा महिन्याच्या माझ्या लेकीचे पाय कसे आहेत, हे मला माहीत नव्हतं.

यांना मी म्हटलं, छावणीतल्या डॉक्टरला दाखवा. हे उंबऱ्याच्या बाहेर उभे, सायकलची किल्ली हातात फिरवत. म्हणाले, "आई म्हणती, डॉक्टरकडं नेलं की गावभर झालं. बहिणीचं एवढं जमू दे."

"आणि तोवर?"

"तोवर... बघू की." किल्ली खिशात गेली. माणूस वाईट नव्हता. आईपुढं त्यांचा आवाज फुटायचा नाही, एवढंच.

मी आत्याबाईंना सरळ विचारलं, लेक मला कधी देणार. त्याही सरळच बोलल्या. "कातडी साफ झाली की घे. माझ्याच्यानं का या वयात लेकरू सांभाळनं व्हतं? पण आशा हातानं नाय." मला तेवढं पुरलं. कातडी साफ करायची, लेक घ्यायची. मधे दुसरं काही नव्हतं.

बोळाच्या पलीकडं एक मुसलमान घर होतं. तिथल्या म्हाताऱ्या बाईला सगळी आळी खाला म्हणायची. आळीतली निम्मी लेकरं त्यांच्या हातानं न्हालेली, हिंदूंचीही. एक दिवस त्यांचं तोंड खिडकीत दिसलं.

"दुल्हन, ये कडबे में क्या कर रही?"

"बसलेय, खाला."

"वो तो भैंस बी बैठती. मुँह इधर कर." बराच वेळ बघितलं त्यांनी. मग खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "दुखा?"

"दुखलं की."

"फिर वो बीमारी नक्को बोलो. उसमें चमडी सुन्न पडती. मैं अपनी नानी कू देखी हूँ." आणि लगेच मराठीत म्हणाल्या, जणू मला पक्कं कळावं म्हणून, "तुझी कातडी भुकेली हाय, पोरी. दुसरं काय नाय."

त्या तशाच पुढच्या दारानं गेल्या आणि आत्याबाईंना हे सांगून आल्या. आत्याबाई म्हणाल्या म्हणे, "तुमचं बरं हाय, तुमच्या घरी लगनाची पोरगी नाय." खाला परत खिडकीशी येऊन म्हणाल्या, "तेरी सास सच बोली. अब जो करना, यहींच बैठके करना."

मग आम्ही सुरू केलं. जिन्नस खिडकीतून यायचे. दळायचं त्यांच्या जात्यावर, चाळायचं माझ्याकडं, कारण मला वेळच वेळ होता. पहिलं केलं ते घरोघरी असतं तेच, हरभऱ्याचं पीठ, हळद, साय. लावलं आणि वाळताना कातडी अशी ओढली गेली की तोंड उघडेना. हरभऱ्याचं पीठ तेल शोषून घेतं. माझ्याकडं शोषण्याएवढं तेल होतंच कुठं. मग खालांनी छावणीच्या बाजारातून मुलतानी माती आणि गुलाबपाणी आणवलं. तेलकट तोंडाच्या बाईला ती माती सोनं. मला तिनं दोन दिवस झोपू दिलं नाही. तिसऱ्यांदा रिठा. जरासा फेस, पण डोळे आणि भेगा दोन्ही झोंबले. खाला म्हणाल्या, "ये तो शाल धोने का है. तू शाल है क्या?"

मग मला आई आठवली. आई घासायची नाही, चोळायची. मी मनाशी म्हटलं, मळ काढायचा तो ओढून नाही, सोडवून. भांडं घासल्यासारखं नव्हे, तान्ह्या लेकराचे डोळे पुसल्यासारखं.

जवस खालांच्या घरी चटणीसाठी असायचेच. मूठभर जवस वाटीत भिजवून खिडकीच्या उन्हात ठेवले की दुपारपर्यंत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट व्हायचं. ते गाळायचं म्हणजे कसरत. घट्ट झालं की फडक्यातून खाली उतरत नाही, पातळ राहिलं तर उपयोगाचं नाही. जुन्या धोतराचं फडकं चाललं. पीठ ज्वारीचं, तेही भाकरीसाठी दळतात तसं नव्हे. मलमलीतून तीनदा गाळलेलं, वस्त्रगाळ, बोटाला लागलं तर पावडर वाटावी असं. त्याच्या निम्मं मसुरीचं. मग चार थेंब करडईचं तेल, वाहील इतपत जवसाचं पाणी. लावायचं, वाळू द्यायचं नाही, ओलं असतानाच ओल्या हातानं फिरवून उतरवायचं. जवसाचं पाणी दुसऱ्या दिवशी वास मारतं, म्हणून रोज ताजं.

एकदम तोंडावर लावायची आता हिंमत नव्हती. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला काजळाचा ठिपका दिला, तिथं नवीन उटणं. उजव्या हाताला काहीच नाही. जेवणाच्या तांब्यातल्या पाण्यानं भिजवायचं, त्याच पाण्यानं धुवायचं. उटण्याचा गुण नीट कळावा म्हणून अंघोळीत तो हात कोरडा ठेवायचा. तीन दिवसांत डावीकडची जागा मऊ पडली. लाली गेली. मी त्या रुपयाएवढ्या जागेवर दिवसभर बोट फिरवत बसायची.

चौथ्या दिवशी अंघोळीला सगळ्या अंगाला लावलं. बादलीतल्या पाण्यानं उतरवलं. आणि घटकाभरात आग आग. मी कडब्यावर पाठ टेकवू शकेना. डाव्या हातावरची ती बरी झालेली जागाही परत लाल.

त्याच आठवड्यात लेकीला दूध पाजायला आणलं तेव्हा दुपटं जरा सरकलं. तिच्या मानेवर, कानामागं लाल चट्टे, वरून कोंडा.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, घाबरून. "लागलं बघ लेकराला."

"मी तिला हात लावला नाही, आत्याबाई."

"दूध तर तुझंच हाय नव्हं?" दुपटं परत गळ्यापर्यंत ओढत त्या म्हणाल्या, "संक्रात झाली की शेळीचं दूध सुरू करू. तुला हर्सूलला धाडते. वडिलांपाशी ऱ्हा, बरी हो, मग ये." लेक पडेगावलाच राहणार होती. आधी पाच वेळा तरी यायची. आता तेही जाणार.

संक्रांतीला वीस-बावीस दिवस होते. यांना सांगितलं, तर म्हणाले, "आई लेकराच्या काळजीनंच म्हणती ना." त्या खोलीत मी भिंत बघत बसले. भिंतीत दगड किती, कोणता पुढं आलेला, कोणत्या फटीत गोगलगायीचा शंख, सगळं पाठ. डोकं आपटून घ्यावं असंही वाटलं. पण त्या काजळाच्या ठिपक्यानं मला सोडलं नाही. पीठ तेच. हातही माझेच. हातावर तीन दिवस गोड वागलेलं उटणं अंगावर असं का चिडलं?

दोन दिवसांनी सुचलं ते इतकं साधं होतं. ठिपका धुतला तो प्यायच्या पाण्यानं. अंग धुतलं ते बादलीच्या पाण्यानं. पण विहीर तर एकच.

पाण्याची बादली आली तेव्हा मी त्यात बोटं बुडवून एकमेकांवर घासली. बुळबुळीत. ते मला रोजच जाणवायचं, पण मी समजायची, माझी कातडीच आता सडून मऊ पडलीय. यावेळी बोट जिभेला लावलं. खारट, तुरट, जिभेला चावणारं. परटाच्या दगडाजवळ जो वास येतो, तशी चव.

सकाळी खालांना विचारलं.

"सोडा रहता ना उसमें," खाला म्हणाल्या.

"कशात?"

"अंघोळ के हंडे में. ये बावडी का पानी भारी. साबण फुटता नहीं, तो तेरी सास मुठभर धुणे का सोडा डालती. हम कपडों कू डालते, उनो अंग कू बी डालते. बोलते, फेस आया तो मैल गया. तेरेकू मालूम नहीं?"

मला कसं माहीत असणार. चुलीपाशी मी एकदाही बसले नव्हते. आणि आळीत सगळ्यांना माहीत, म्हणून सांगायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याच हंड्यातलं पाणी माझ्या लेकीच्या अंगावर रोज पडत होतं, दीड महिन्याच्या अंगावर, वर काथ्याऐवजी हरभऱ्याचं पीठ. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले.

"जा, बोल दे सास कू," खाला म्हणाल्या.

कसं बोलू? बाई रोज पहाटे उठून स्वतः पाणी तापवते, नातीला स्वतःच्या पायांवर घेते, आणि मी कडब्याच्या खोलीतून म्हणू की तुम्हीच तिला जाळलं? नवऱ्याला हळूच सांगून बघितलं. ते एवढे घाबरले की आधी दार लावून घेतलं. "आमच्या जन्मापासून टाकती ती सोडा. आम्हाला काय झालं? हे तिच्या कानावर घालू नको. संक्रांतीच्या आधीच हर्सूलला जाशील."

ते खरंच होतं. सासूची चूक दाखवणारी सून त्या घरात टिकली नसती. आणि मला टिकायचं होतं, लेक तिथं होती.

मग मला एक गोष्ट सुचली. आमच्याकडं कारण सांगितलं की वाद होतो. पण औषधाचं पथ्य म्हटलं की कुणी उलट प्रश्न विचारत नाही. वांगं खायचं नाही, उत्तरेकडं तोंड करून प्यायचं, काहीही सांगा, माणसं पाळतात. मी खालांना म्हटलं, तुम्ही आत्याबाईंना सांगा, या उटण्याला पथ्य आहे. पाणी चुलीवर चढवायचं नाही. विहिरीतून काढलेलं थेट घंगाळात ओतायचं, अंगणात उन्हात तापवायचं, आणि त्याच पाण्यानं आईनं आणि लेकरानं दोघांनी न्हायचं. सोडा हंड्यात पडत होता. घंगाळात कशाला पडेल?

खालांनी कानाच्या पाळीला हात लावला. "झूट नक्को बुलवा मेरेकू. मैं नमाजी बाई."

"यात खोटं काय आहे? उन्हातलं पाणी सोसतं ना अंगाला?"

"सोसता."

"तेवढंच सांगा की."

"तू कडबे में बैठके वकील हो गई," म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडं गेल्या.

आत्याबाईंनी पथ्य ऐकून घेतलं. दोनच प्रश्न विचारले: घंगाळ पितळेचं चालेल का, आणि किती दिवस. खाला म्हणाल्या, पितळेचं उत्तम, पंधरा दिवस. दुसऱ्या दिवसापासून अंगणात दोन घंगाळं लागली, वर फडकी बांधलेली. थंडीचे दिवस, दुपारी कुठं पाणी कोमट व्हायचं. मी दार लावून मोरीत बसायची, उटणं ओलं ओलं उतरवायची, अंग टिपून वर करडईचं तेल. लेकीचं उटणं खाला करून द्यायच्या, पण पायांवर घ्यायच्या आत्याबाईच.

आठ दिवसांत गळणारा कोंडा थांबला. बाराव्या दिवशी ओठ न फाटता जांभई आली. लेकीचे चट्टे आधी गेले. तान्ह्या अंगाला बरं व्हायला वेळ लागत नाही.

संक्रांतीच्या तीन दिवस आधी दुपारी कडी निघाली. आत्याबाईंच्या एका हातात घंगाळ, काखेत लेक. दुपटं नव्हतं. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले, नखांपर्यंत. मग मोरीत घंगाळ ठेवलं. "बस. आज तू घाल हिला."

मी पाय लांब केले. लेकीला पहिल्यांदा नागडी, आख्खी, माझ्या नडग्यांवर घेतली. तिच्या डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट वाकडं आहे, हे मला तेव्हा कळलं. माझ्यासारखंच. मी उटणं लावलं, पाणी ओतलं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी सहज घंगाळात हात घातला. बोटं एकमेकांवर घासली. पुन्हा घासली.

"हे पानी बुळबुळ लागत नाय ग," म्हणाल्या.

मी ओतत राहिले. वर बघितलं नाही.

त्या घंगाळाकडं बघत राहिल्या, मग लेकीच्या मानेकडं, मग स्वतःच्या हाताकडं. त्यांचेही हात उललेलेच होते. मी तोवर ते कामानं उललेले समजत होते. काही विचारलं नाही त्यांनी. मला वाटतं, विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. पण मला वाटतं म्हणून काय. लेक माझ्या पायांवर होती, मी गप्प बसले.

"आजपास्न हिला तुझ्यापाशीच झोपिव," त्या म्हणाल्या. उटण्याची वाटी उचलून वास घेतला. "कुनी विचारलं तर म्हन, आत्याबाईंनी केलं."

"बरं," मी म्हटलं. पुढं कितीतरी वर्षं आळीतल्या बायका ते उटणं आत्याबाईंचं म्हणूनच न्यायच्या, आणि मी वस्त्रगाळ करून पुड्या बांधायची. हंड्यातला सोडा कधी बंद झाला, झाला की नाही, मला ठाऊक नाही. आमचं पाणी उन्हातलंच राहिलं. ते पथ्य पंधरा दिवसांचं होतं, हे कुणी काढलं नाही.

हर्सूलला जायचं राहिलं. शेळीही आली नाही. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी नणंदेला बघायला पाहुणे आले. तोंड जवळजवळ साफ होतं माझं, पण मानेवर अजून डाग होते. आत्याबाई सकाळीच म्हणाल्या, "आजचा दिस तेवढा आतच ऱ्हा. उगं डोळ्यावर नको." मी हो म्हटलं. ओसरीवर सतरंज्या पडल्या, चहाचा वास आला. बाहेरून कडी लागली.

कडब्यावर मी, मांडीवर लेक. तिकडं कुणीतरी नणंदेला चालून दाखवायला सांगत होतं. लेकीनं तोंड वाकडं केलं, आता रडणार. तिचा आवाज ओसरीपर्यंत गेला असता, मग कुणीतरी विचारलं असतं, मागं कोण आहे. मी माझं बोट तिच्या तोंडात दिलं. ती चोखायला लागली. बोट कुठंही उललेलं नव्हतं. पाहुणे उठेपर्यंत मी ते तसंच ठेवलं.